टायमिंग बेल्ट मुदतीआधीच पुन्हा पुन्हा जातो, तेव्हा काय बघायचं

बेल्ट बदलून फार दिवस झाले नाहीत तोवर पुन्हा खराब झाला, अशी गाडी आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बेल्ट डुप्लिकेट निघाला वाटतं." कधी कधी तसं असतंही. पण सांगली-मिरज रस्त्यावर गाड्या उघडण्यात माझी वीस वर्षं गेली आणि मुदतीआधी गेलेले जे पट्टे हातात आले, त्यांत चांगल्या कंपनीचा अस्सल मालच जास्त होता. पट्टा आपणहून लवकर जात नाही. तेल, पाणी, तिरकं बेअरिंग किंवा चुकीचा ताण यांतलं काहीतरी त्याला खात असतं. ते न शोधता दुसरा पट्टा चढवायचा म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी थोडक्यात, हा पट्टा करतो काय. क्रँक फिरला की पिस्टन वर-खाली होतात आणि कॅम फिरला की व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक झाला पाहिजे, एका दाताचाही फरक न पडता. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. हा मेळ पट्ट्याच्या दातांनी धरून ठेवलेला असतो. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची जागा एकमेकांत शिरलेली असते. मेळ सुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो.

सगळ्या गाड्यांना पट्टा नसतो. डिझेल स्विफ्टच्या १.३ लिटर इंजिनाला चेन आहे. मारुती ८००, ओम्नी, जुनी सँट्रो, इंडिका, १.५ डिझेल डस्टर यांना पट्टा. आपल्या गाडीला काय आहे आणि पट्टा असेल तर किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हाच्या डॅशबोर्डवर तर 'टी-बेल्ट' नावाचा दिवाच आहे. पण तो दिवा किलोमीटर मोजतो, पट्ट्याकडं बघत नाही. पट्टा तेलात भिजत असला तरी दिवा गप्पच राहणार.

आता मूळ गोष्ट. बेदाण्याच्या हंगामात तासगावकडच्या एका बागायतदार आबांची पेट्रोल गाडी दोरी बांधून माझ्याकडं आणली. कवलापूरच्या पुढं चालता चालता इंजिन बंद पडलं होतं. आवाज नाही, धूर नाही.

"आबा, सेल्फ किती वेळा मारला?"

"चार-पाच येळा मारला की. नुसतंच सुर्रर्र फिरतंय."

ते सुर्रर्र ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. चांगल्या इंजिनाला सेल्फ मारला की दाब येतो, आवाज तुटक, लयीत येतो. पट्टा तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि सेल्फ हलका, एकसारखा फिरतो. रस्त्यात असं झालं तर तिथंच थांबा. पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलून गिअर टाकायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. वाचलेले व्हॉल्व्हही त्यात जातात. आबांच्या गाडीचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तर सोळापैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले.

हा पट्टा दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदललेला होता. अडीच वर्षांत गाडी १८,००० किलोमीटरच चालली होती. आबांच्या पोरानं तुटका पट्टा कचऱ्यात टाकायला उचलला, तो मी मागून घेतला. हे कळकळीनं सांगतो, जुना पट्टा टाकू नका. दुसरीकडं काम करून घेतलं असेल तर मागून घ्या. काय बिघडलं होतं ते त्या पट्ट्यावरच उमटलेलं असतं.

मी तो पट्टा ट्यूबलाइटखाली धरला. पुलीच्या आतल्या बाजूला असते ती कड काळी, चकचकीत आणि फुगलेली होती. दुसरी कड कोरडी, मळकट करडी. फुगलेल्या बाजूच्या एका दाताखाली अंगठ्याचं नख घातलं तर दात कापडासकट सोलून हातात आला. ताज्या पट्ट्याचा दात पकडीनंही असा निघत नाही. वासही रबराचा नव्हता, करपलेल्या ऑइलचा होता. म्हणजे तेल. पट्ट्याचं रबर ऑइल पितं, फुगतं, मऊ पडतं, मग दात सुटतात. असा पट्टा पेट्रोलनं किंवा डिझेलनं धुऊन परत लावणारे लोक मी पाहिलेत. आत मुरलेलं तेल धुऊन निघत नाही, उलट पेट्रोलनं रबर आणखी मरतं. तेल लागलेला पट्टा बदलायचाच. काही इंजिनांत, उदाहरणार्थ जुन्या इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये, पट्टा मुद्दाम तेलातच चालवलेला असतो. त्याचं रबर वेगळं आणि हिशेबही वेगळा. इथं मी कोरड्या पट्ट्याबद्दल बोलतोय.

बाकीच्या खुणाही सांगतो. कडेचे धागे सुटून झालर झाली असेल तर पट्टा सरळ धावत नव्हता. टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) किंवा आयडलर (पट्ट्याला नुसती वाट देणारी पुली) यांचं बेअरिंग तिरकं झालंय, नाहीतर पुलीची कड वाकलीय. दोन दातांमधली खाच घासून आतले धागे दिसायला लागले असतील तर पट्टा फार ताणून बसवला होता, असा पट्टा चालताना बारीक शीळ घालतो. दातांच्या मुळाशी चिरा आणि बाजू झिजलेल्या असतील तर ढिला होता, तो कव्हरला फटफट लागतो. पाठ आरशासारखी चकाकत असेल तर पाठीवर चालणारं आयडलर फिरायचं थांबून नुसतं घासत होतं. पाठीवर आडव्या बारीक भेगा आल्या असतील तर तो उष्णतेनं आणि वयानं संपलाय. एकाच जागचे चार-सहा दात सपाट कापले गेले असतील तर वॉटर पंप किंवा कॅम अडकला होता का ते बघा. आणि पट्टा कात्रीनं कापल्यासारखा सरळ तुटला असेल तर बहुतेक वेळा तो बसवण्याआधीच कुणीतरी दुमडलेला असतो. पट्ट्याच्या आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. त्या ताण सोसतात, घडी सोसत नाहीत. नवा पट्टा खोक्यातून काढून रुमालासारखा पिळून दाखवणारा दुकानदार बघितला की मला दुसरा पट्टा मागावासा वाटतो.

आबांच्या गाडीला मी नवा बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि कॅम सील, म्हणजे कॅमच्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, घातलं. जुनं सील कडक होऊन तडकलेलं होतं, त्यामुळं कारण सापडलं असं मी धरून चाललो. दहा महिन्यांनी ऑइल बदलायला गाडी आली तेव्हा सवयीनं वरचं कव्हर उघडलं. कॅम पुलीच्या मागं बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. नव्या पट्ट्याची आतली कड ओली व्हायला लागली होती. सील तर मीच बसवलेलं.

अशा वेळी घाई करून पुन्हा सील बदलायचं नाही. आधी तेल कुठून येतंय ते पक्कं करायचं, कारण पट्टा तेल सगळीकडं उडवतो आणि खालचं सगळंच ओलं दिसतं. ब्रेक क्लीनरनं सगळं पुसून कोरडं करायचं, वर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवायचा, कव्हर लावून गाडी एक-दोन दिवस वापरायची आणि मग सगळ्यात वरची ओली रेघ शोधायची. ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या, पॅकिंगपासून निघाली तर काम सोपं. कॅम पुलीमागून आली तर कॅम सील, फक्त खालीच असेल तर क्रँक सील. वॉटर पंपापाशी गुलाबी किंवा हिरवट पांढरी खपली दिसली तर तो कूलंट आहे. पंपाच्या बारीक भोकातून तो पाझरतो आणि तिथंच सुकतो.

आबांच्या गाडीत रेघ कॅम सीलपासूनच निघत होती. पुली काढली. सील तिरकं बसलेलं नव्हतं. शाफ्टवर, जिथं सीलची ओठी टेकते तिथं, नख आडवं फिरवलं. जुन्या सीलनं शाफ्टला चर पाडली असेल तर नख अडकतं आणि मग नवं सीलही गळतं. ते किंचित मागं-पुढं बसवावं लागतं, नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते. इथं नख कुठंच अडकलं नाही.

मग इंजिन चालू करून तेलाची कॅप सैल केली आणि नुसती भोकावर ठेवली. कॅप उडायला लागली, भातावरच्या झाकणासारखी, आणि बाजूनं वाफ फुसफुसत होती. पेट्रोल इंजिनात आयडलिंगला तिथं हलकी ओढ हवी, कॅप उचलताना किंचित चिकटल्यासारखी लागली पाहिजे. याचा अर्थ इंजिनाच्या पोटात दाब साठत होता. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू खाली उतरतोच. तो ब्रीदरमधून परत ओढून घेऊन जाळायची सोय असते. ती वाट बंद झाली की दाब दुसरीकडून वाट काढतो आणि सगळ्यात कमजोर जागा म्हणजे सीलची ओठी.

ब्रीदरची नळी काढली. आत साखर कारखान्यातल्या मळीसारखा काळा घट्ट गाळ, मधेमधे पिवळसर लोणी. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे या ब्रीदरच्या वाटेवरची झडप, कानाशी धरून हलवला. चांगला असेल तर आतली गोळी टिकटिक वाजते. हा मुका होता.

हेड उतरवलं तेव्हा हीच नळी माझ्यासमोर लोंबत होती. मी ती बाहेरून पुसली आणि परत लावली. आतून बघितली असती तर आबांचा एक पट्टा वाचला असता. दुसऱ्या खेपेची मजुरी मी घेतली नाही आणि त्या दिवसापासून टायमिंग बेल्टचं कुठलंही काम आलं की कॅपची ही तपासणी आधी करतो, मग पान्याला हात लावतो.

गाळ साठला कसा, हेही आबांशी बोलताना कळलं. वस्तीवरून बागेत, बागेतून शेडवर, शेडवरून घरी. प्रत्येक फेरी दोन-अडीच किलोमीटरची. इंजिन धड तापायच्या आत बंद. ज्वलनातली वाफ आत थंड होऊन पाणी होते, ऑइलमध्ये मिसळते, त्याचं लोणी होतं आणि ते नळीत जाऊन बसतं. आबा ऑइल किलोमीटर बघून बदलायचे. किलोमीटर भरायचेच नाहीत, त्यामुळं एकच ऑइल दोन-दोन वर्षं चालायचं. थोडंथोडं चालणाऱ्या गाडीचं ऑइल वर्षाला बदलाच, मीटर काहीही दाखवो. नळी साफ केली, पीसीव्ही नवा घातला, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं, चारही सिलिंडरचं सारखं आलं. हे कॉम्प्रेशन बघणं महत्त्वाचं आहे. वाट मोकळी करूनही कॅप उडत असेल तर रिंगा झिजल्यात आणि मग कितीही भारी सील घाला, ते टिकणार नाही.

तेलाखालोखाल आमच्याकडं त्रास दिला तो पुराच्या गाळानं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग, टिंबर एरिया, मारुती चौक, कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. लोकांनी ऑइल बदललं, सीटा वाळवल्या, वायरिंग केलं, पण टायमिंगचं कव्हर फार थोड्यांनी उघडलं. पुढची दोन-तीन वर्षं कव्हर उघडलं की तळाला करड्या चिखलाची सुकलेली पोळी निघायची. काहींनी पट्टा बदलला, टेन्शनर तसाच ठेवला, कारण तो दिसायला चांगला. त्याच्या बेअरिंगमधलं ग्रीस पाण्यानं गेलेलं आणि गाळ आत शिरलेला. मग नव्या पट्ट्याच्या कडेला काही हजार किलोमीटरांतच झालर.

हे बेअरिंग हातात घेऊन बोटानं फिरवा. इथं बरेच जण फसतात. जे मोकळं, भिंगरीसारखं खूप वेळ फिरतं ते चांगलं, असं वाटतं. उलट आहे. ग्रीस भरलेलं चांगलं बेअरिंग थोडं जड फिरतं, आवाज करत नाही आणि लगेच थांबतं. भिंगरीसारखं फिरणारं कोरडं पडलेलं असतं, कानाशी धरलं तर खरखर ऐकू येते. पूरग्रस्त भागातली जुनी गाडी घेत असाल तर सौदा करण्याआधी वरचं टायमिंग कव्हर उघडून आत टॉर्च मारा. चार स्क्रूंचं काम आहे. आणि खालचं कव्हर तुटलं म्हणून काढून ठेवलं असेल तर ते आधी बसवा. उसाच्या हंगामात रस्त्यावरची धूळ आणि खडी सरळ पट्ट्यात जाते.

बदलण्याच्या कामात पाना कुठला लावायचा ते प्रत्येक गाडीचं वेगळं, त्यात शिरत नाही. जिथं चुकल्यामुळं पट्टा परत जातो तेवढंच सांगतो. इंजिन पूर्ण थंड हवं, ताण थंड इंजिनावरच लावायचा असतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. इंजिन माउंट सोडण्याआधी चेंबरखाली (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून क्रँक आणि कॅम, दोन्हींच्या खुणा जुळवा आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. क्रँकचा बोल्ट सेल्फ मारून सोडवायची पद्धत काही ठिकाणी चालते, ती करू नका. पुली धरायचं हत्यार मिळतं. पट्टा काढल्यावर क्रँक किंवा कॅम हलवायचा नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो.

पुलीच्या दातांतलं तेल ब्रेक क्लीनरनं पूर्ण काढा. टेन्शनर आणि आयडलर नवेच घाला. पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही, कारण तो नंतर गळला तर हेच सगळं पुन्हा उघडावं लागतं. सील बसवताना ओठीला ऑइलचं बोट लावा, कोरडं सील पहिल्याच दिवशी करपतं. पट्टा क्रँकपासून चढवत जा, टेन्शनर शेवटी, आणि टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला जराही ढील ठेवू नका. स्क्रूड्रायव्हर घालून पट्टा पुलीवर उचकटून चढवायचा नाही. ऑटो टेन्शनर असेल तर त्याचा काटा खुणेवर आला पाहिजे. पट्टा दोन बोटांत धरून चतकोर वळतो का, ही जुन्या मिस्त्रींची तपासणी मीही शिकलो, पण पुस्तिकेतलं माप असताना तिच्यावर विसंबू नका.

मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेला हातानं सावकाश दोन पूर्ण फेरे द्या. मधेच काही टणक लागलं तर जोर लावू नका, मागं जाऊन खुणा बघा. दोन फेऱ्यांनी खुणा परत जुळल्या, काटा जागेवर राहिला, की मगच कव्हर. क्रँकचा बोल्ट टॉर्क रेंचनं, पुस्तिकेत दिलेल्या मापानं आवळायचा, आणि नवा घाला असं लिहिलं असेल तर नवाच.

कव्हरवर मी रंगानं तारीख आणि मीटरचा आकडा लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणीही उघडलं तरी त्याला अंदाज येतो. आबांच्या कव्हरवर आता दोन तारखा आहेत. गेल्या महिन्यात ते ऑइल बदलायला आले, आल्या आल्या स्वतःच कॅप सैल करून वर तळहात धरला आणि म्हणाले, "बघ, आत ओढतंय." कव्हर उघडून मी कॅम पुलीच्या मागं बोट फिरवलं. कोरडं निघालं. आठवड्यातून एकदा तरी ते गाडी सांगलीपर्यंत आणतात, मार्केट यार्डात काम नसलं तरी.